एका फोटोत किती फोटो?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, १८५०-६०च्या सुमाराचे फोटो एखाद्या पुस्तकात किंवा संग्रहालयात पाहायला मिळाले, तर माणसं आणि इमारती नंतर पाहा. आधी आभाळ पाहा. बहुतेक फोटोंत ते कोरं असतं. एक ढग नाही की एक छटा नाही. कुणी चुना फासावा तसं पांढरंफटक. आता त्या काळी जगभर बारा महिने आभाळ निरभ्र होतं, असं काही नाही. ढग होतेच. ते फोटोत येत नव्हते.

याचं कारण फोटोच्या काचेत होतं. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज माणसाने १८५१ साली ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं जगाने त्याच पद्धतीने फोटो काढले. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि वाळायच्या आत धुऊनही काढायची. ही काच निळ्या उजेडाला फार हळवी आणि हिरव्या-तांबड्याला जवळजवळ आंधळी होती. म्हणजे झालं काय, की खालची झाडं, माती, घरं काचेवर उमटेपर्यंत वरचं निळं आभाळ पार करपून जायचं. आभाळ सांभाळावं तर जमीन काळीठिक्कर, जमीन सांभाळावी तर आभाळ कोरं. दोन्ही एका काचेवर येईनात. काही फोटोग्राफर तर निगेटिव्हवरचा आभाळाचा भाग सरळ शाईने काळा करून टाकत. मग प्रिंटमध्ये निदान डाग तरी दिसत नसत!

यावर पॅरिसच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे याने जे केलं, ते ऐकायला अगदी सोपं वाटतं. हा माणूस मुळातला चित्रकार. १८५६-५७च्या सुमारास तो समुद्राचे फोटो काढत होता. त्याने समुद्रासाठी एक काच वापरली आणि आभाळासाठी दुसरी. दोन्हींना आपापला हवा तेवढा उजेड दिला. मग छापताना एकाच कागदावर आधी एक आणि नंतर दुसरी अशा दोन्ही निगेटिव्ह छापल्या, आणि सांधा नेमका क्षितिजावर आणला. तिथे रेघ असतेच, त्यामुळे जोड दिसत नाही. सेतच्या किनाऱ्यावरची त्याची ‘मोठी लाट’ ही १८५७ची अशीच दोन काचांची आहे. लोक थक्क झाले. उसळणारी लाट आणि तिच्यावरचे भरलेले ढग एकाच फोटोत कुणी पाहिलेलेच नव्हते. याच लाटेची एक प्रत १९९९ साली लंडनच्या लिलावात पाच लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. तोपर्यंत कुठल्याही फोटोला एवढी किंमत मिळालेली नव्हती. ल ग्रेला मात्र याचा उपयोग नव्हता. त्याचं दिवाळं १८६०च्या सुमारासच निघालं होतं. तो पॅरिस सोडून गेला, शेवटी कैरोत चित्रकला शिकवत राहिला आणि तिथेच १८८४ साली वारला.

पुढे अभ्यासकांनी ल ग्रेची समुद्रचित्रं शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा एक गंमत आढळली. तेच आभाळ, त्याच ढगांसकट, वेगवेगळ्या समुद्रांवर होतं! चांगलं साधलेलं आभाळ त्याने जपून ठेवलं होतं आणि गरजेप्रमाणे वापरलं होतं. याला लबाडी म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला लाट आणि ढग एकाच वेळी दिसतात. काचेला ते दिसत नव्हते. ल ग्रेने काचेची उणीव भरून काढली, इतकंच.

पण काचा जोडण्याची ही युक्ती एकदा हाती आली, की ती आभाळापाशी थांबणार नव्हती. आणि तिचं एक फार लवकरचं उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक होता विल्यम जॉन्सन. त्याने मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईत येणाऱ्या वेगवेगळ्या जातीजमातींचे फोटो काढून त्यांचे दोन खंड लंडनमध्ये प्रसिद्ध केले. पहिला १८६३ साली, दुसरा १८६६ साली. पहिल्यात गुजरात, कच्छ, काठेवाडचे लोक आहेत आणि दुसऱ्यात महाराष्ट्रातले. पगड्या, अंगरखे, नऊवारी नेसण्याच्या तऱ्हा, दागिने... एकेक फोटो पाहत राहावा असा आहे. माणसांच्या मागे इमारती आहेत, रस्ते आहेत. पण यातले कितीतरी फोटो जोडलेले आहेत. माणसांचा गट वेगळा उभा करून टिपलेला, मागचा देखावा वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी टिपलेला. छापताना दोघांची गाठ घालून दिली.

यात जॉन्सनची अडचणही समजून घ्यायला हवी. ओली काच घेऊन रस्त्यावर जायचं म्हणजे अंधाराचा तंबू बरोबर न्यायचा. भर गर्दीत दहा माणसांना काही सेकंद पुतळ्यासारखं उभं करायचं. कुणी हललं की काच फुकट. त्यापेक्षा एका आवरलेल्या जागी बोलावून फोटो काढणं सोयीचं. तरीही ल ग्रेच्या आभाळात आणि यात मला फरक दिसतो. ल ग्रे एक सुंदर लाट दाखवत होता. जॉन्सनचे खंड ‘हे लोक असे आहेत’ असं सांगायला निघाले होते. त्या काळच्या वेशभूषेचा पुरावा म्हणून आपण आजही त्यांच्याकडे पाहतो. वेश खरा आहे आणि माणसंही खरी आहेत. पण ती माणसं त्या ठिकाणी उभी होती का, त्यांचा त्या इमारतीशी काही संबंध होता का, हे त्या फोटोवरून ठरवायला गेलात तर फसाल. पुढे उभ्या असलेल्या माणसांची सावली एकीकडे आणि मागच्या भिंतीवरचं ऊन दुसरीकडे, असं काही दिसतं का, ते जुन्या फोटोत अवश्य तपासावं.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये या जोडकामावरून चांगलंच वादळ उठलं होतं. स्वीडनमधून येऊन वोल्व्हरहॅम्प्टनला स्थायिक झालेला ऑस्कर रेयलँडर नावाचा फोटोग्राफर होता. त्याने १८५७ साली ‘जीवनाचे दोन मार्ग’ अशा अर्थाच्या नावाचं एक भलंमोठं चित्र केलं. मधोमध एक वृद्ध, त्याच्या दोन बाजूंना दोन तरुण. एक निघालाय कष्टाच्या, धर्माच्या वाटेने, दुसरा चैनीच्या. यासाठी त्याने तीसहून अधिक निगेटिव्ह वापरल्या. माणसं दोन-दोन, तीन-तीन अशी बोलावली. मागच्या रांगेत दिसायची ती लांब उभी करून लहान आकाराची घेतली. मग कागदावर एकेक आकृती छापायची आणि बाकीचा कागद काळ्या मखमलीने झाकून ठेवायचा. असं करत सहा आठवड्यांनी चित्र पुरं झालं. मँचेस्टरच्या मोठ्या प्रदर्शनात ते लागलं आणि व्हिक्टोरिया राणीने त्याची एक प्रत विकतही घेतली. पण एडिंबरोच्या मंडळींनी ते आपल्या प्रदर्शनात घ्यायला नकार दिला, कारण चैनीच्या बाजूला विवस्त्र स्त्रिया होत्या.

आता तशा स्त्रिया तेलचित्रांत शेकड्यांनी होत्या, आणि सभ्य कुटुंबं मुलाबाळांसह ती चित्रं पाहायला जात. मग फोटोतच काय बिघडलं? बिघडलं हे, की फोटोतली बाई कल्पनेतली नसते. ती खरोखर कुणाच्या तरी समोर तशी बसलेली असते.

पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने ‘मावळताना’ अशा आशयाचं चित्र केलं. क्षयाने मरणाच्या दारी असलेली मुलगी, शेजारी दोन बायका आणि खिडकीकडे तोंड करून उभा असलेला पुरुष. पाच निगेटिव्ह. मुलगी चांगली ठणठणीत होती, फक्त फोटोसाठी तशी निजली होती. तरी लोक चिडले. मरणाऱ्या मुलीच्या खोलीत कॅमेरा घेऊन शिरायचं म्हणजे काय, माणुसकी आहे की नाही, असा त्यांचा सूर होता. गंमत पाहा. जो प्रसंग कधी घडलाच नाही, तो टिपल्याबद्दल माणसाला निर्दय ठरवलं गेलं. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांना मात्र ते आवडलं आणि रॉबिन्सनच्या पुढच्या प्रत्येक जोडचित्राची प्रत आपल्याला हवी, असं त्यांनी सांगून ठेवलं. रॉबिन्सन शेवटपर्यंत आपल्या मताला धरून राहिला. रेयलँडर मात्र टीकेने पार कंटाळला. १८५९ साली त्याने रॉबिन्सनलाच पत्र लिहून कळवलं, की या जोडचित्रांत पैसाही नाही आणि मानही नाही, आपण आता थांबतो.

एक प्रकार आणखी सांगायला हवा, कारण तो मला सगळ्यांत अस्वस्थ करणारा वाटतो. फ्रान्सिस गाल्टन हे नाव शास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. त्याने १८७७-७८च्या सुमारास तुरुंगातल्या कैद्यांचे फोटो घेतले आणि एकाच काचेवर एकावर एक असे पाडले. प्रत्येक चेहऱ्याला उजेडाचा थोडा थोडा वाटा. त्यातून ‘गुन्हेगाराचा चेहरा’ सापडेल अशी त्याची अपेक्षा होती. झालं उलटंच. चेहरे एकावर एक बसत गेले तसे एकेकाचे व्यंग, व्रण, उग्रपणा पुसट होत गेला, आणि शेवटी उरला तो एक साधा, बऱ्यापैकी देखणा माणूस. हे गाल्टनने स्वतःच नोंदवलं आहे. पण माणसांची वर्गवारी करण्याचा त्याचा नाद सुटला नाही. ‘सुप्रजनन’ या विचाराला इंग्रजी नाव देणारा तोच, १८८३ साली. त्या विचाराने विसाव्या शतकात काय अनर्थ केला, ते वेगळं सांगायला नको.

आता थोडं घरचं. मी उमेदीची काही वर्षं एका लहानशा स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढली. आमच्याकडे जोडफोटोची कामं नेहमी येत. एकदा एक बाई आल्या. त्यांच्या हातात दोन फोटो. एक त्यांचा, कुणाच्या तरी लग्नातला. दुसरा यजमानांचा, कारखान्यातल्या ग्रुपमधला. तिसऱ्या रांगेत, नखाएवढा चेहरा. “दादा, दोघांचा मिळून एकसुद्धा फोटो नाही हो. यांना माझ्या शेजारी बसवून द्याल?” आम्ही दिलं बसवून. कापायचं, चिकटवायचं, कडा ब्रशने बुजवायच्या, पुन्हा फोटो काढायचा. त्यांच्या यजमानांच्या अंगावरचा कोट आमच्या मालकांचा होता! बाई रडल्या आणि ठरलेल्यापेक्षा पाच रुपये जास्त ठेवून गेल्या. यात फसवणूक कुठे होती? त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांच्या नातवंडांना ठाऊक असेल का, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नव्हता. महाराष्ट्रातल्या किती भिंतींवर असे कधीच शेजारी न बसलेले आजी-आजोबा आहेत, कोण जाणे.

जाता जाता दादासाहेब फाळक्यांचीही आठवण काढायला हवी, कारण ते सिनेमात येण्याआधी फोटोग्राफीच्या आणि छपाईच्या धंद्यातले. त्यांचा १९१९चा ‘कालिया मर्दन’ सुरू होतो तो त्यांच्या मुलीच्या, मंदाकिनीच्या, चेहऱ्याने. ती वेगवेगळे हावभाव करून दाखवते आणि मग पाहता पाहता तिचा चेहरा विरघळून तिथे श्रीकृष्ण उभा राहतो. दोन चित्रणं एकमेकांत मिसळली आहेत. म्हणजे ही आमची मुलगी, आणि आता ती कृष्ण होणार, हे प्रेक्षकांना आधी दाखवून मगच खेळ सुरू. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

या सगळ्या वादाचा खरा कस लागला तो पहिल्या महायुद्धात, फ्रँक हर्ली आणि चार्ल्स बीन या दोन ऑस्ट्रेलियन माणसांच्या भांडणात. हर्ली हा हाडाचा धाडसी फोटोग्राफर. शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत होता. त्यांचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात चिरडलं, तेव्हा याने गोठलेल्या पाण्यात उतरून काचा वर काढल्या. सगळ्या नेणं शक्य नव्हतं. मग शॅकल्टन आणि तो बर्फावर बसले, सव्वाशेच्या आसपास काचा निवडल्या आणि उरलेल्या सुमारे चारशे तिथल्या तिथे फोडून टाकल्या. हेतू हा, की पुन्हा मोह नको. असा माणूस १९१७ साली ऑस्ट्रेलियन सैन्याचा अधिकृत फोटोग्राफर म्हणून बेल्जियमच्या आघाडीवर आला.

तिथे त्याला कळलं, की लढाईचा फोटो निघतच नाही. सैनिक खंदकात दबलेले. तोफगोळा फुटतो तो एकीकडे, माणसं धावतात ती दुसरीकडे, विमान येतं ते तिसऱ्याच वेळी आणि काचेवर डासाएवढं दिसतं. जीव मुठीत धरून काढलेल्या फोटोत काय, तर चिखल! हर्लीचं म्हणणं असं, की मी जे पाहिलं ते एका निगेटिव्हमध्ये मावत नाही. चार-पाच जोडल्या तरच घरी बसलेल्यांना युद्ध दिसेल.

बीन हा युद्धाचा वार्ताहर आणि पुढे अधिकृत इतिहासकार झालेला. गॅलिपोलीपासून सैनिकांबरोबर होता. त्याच्या लेखी ही नोंद पवित्र होती. पुढच्या पिढ्या हे फोटो पाहून ‘असं घडलं’ असं म्हणणार, तर त्यात न घडलेलं काही नको. जोडलेला फोटो त्याच्या दृष्टीने सरळ खोटा. भांडण इतकं पेटलं, की हर्लीने राजीनाम्याची धमकी दिली. शेवटी तडजोड झाली. प्रदर्शनासाठी सहा जोडचित्रं करायला परवानगी, पण ती जोडलेली आहेत हे स्पष्ट लिहायचं. मे १९१८मध्ये लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत ही चित्रं लागली. त्यातलं एक बारा निगेटिव्हचं, जवळजवळ वीस फूट रुंद. खंदकातून वर झेपावणारे सैनिक, धूर, वर विमानं. लोकांनी तोबा गर्दी केली.

मला हर्लीची तळमळ कळते. डार्करूममध्ये काम केलेल्या कुणालाही कळेल. पण माझं मत बीनच्या बाजूला झुकतं, आणि त्याचं कारण हर्लीचाच एक जुना फोटो आहे. एप्रिल १९१६मध्ये शॅकल्टन पाच सोबत्यांना घेऊन एलिफंट बेटावरून एका लहान नावेने निघाला. मदत मिळवायची तर सुमारे १,३०० किलोमीटर खवळलेला समुद्र ओलांडायचा होता. मागे राहिलेली बावीस माणसं किनाऱ्यावरून हात हलवत होती. हर्ली त्या बावीस जणांतलाच. आपल्याजवळच्या छोट्या कॅमेऱ्याने त्याने हा निरोप टिपला. चार महिन्यांनी, ३० ऑगस्टला, सगळे सुखरूप सुटले. पुढे हर्लीने त्याच निगेटिव्हवर खाडाखोड करून तो फोटो ‘सुटका’ म्हणून दाखवला. हलणारे हात तेच. पण ते हात आनंदाने हलत नव्हते हो! निघालेले सहा जण परत दिसतील की नाही, हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. त्या बावीस माणसांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण दिवस त्या खाडाखोडीत पुसला गेला.

असंच २००३ साली इराकमध्ये घडलं. बसराजवळ एक ब्रिटिश सैनिक जमावाला खाली बसायला खुणावतो आहे, असा फोटो ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या पहिल्या पानावर आला. मागच्या गर्दीतली काही माणसं त्यात दोनदा दिसतात, हे दुसऱ्या एका वर्तमानपत्रातल्या माणसाच्या लक्षात आलं. काही क्षणांच्या अंतराने काढलेले दोन फोटो फोटोग्राफरने जोडले होते. दोन्ही खरे होते, दोन्ही चांगले होते. त्याची नोकरी गेली. मार्च २०२४मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याने प्रसिद्ध केलेला युवराज्ञीचा आणि मुलांचा फोटो मोठ्या वृत्तसंस्थांनी मागे घेतला, तोही त्यात फेरफार केल्याच्या खुणा दिसल्या म्हणून. आई आणि मुलांचा तो साधा घरगुती फोटो. भिंतीवर लावला असता तर कुणी काही म्हटलं नसतं.

आणि आता आपल्या खिशातला कॅमेरा. उन्हात उभ्या माणसाचा फोटो काढलात आणि चेहराही छान, मागचे ढगही छान आले, तर तुमच्या मोबाइलने ल ग्रेचंच काम केलेलं असतं. बटण एकदा दाबलं तरी आत अनेक फोटो निघतात आणि त्यांचा एक होतो. साधारण २०१० नंतर ही सोय फोनमध्ये आली आणि आज बहुतेक नव्या फोनमध्ये ती न सांगता चालू असते. २०२३पासून काही फोन याच्याही पुढे गेले. ग्रुप फोटो काढताना कुणाचे डोळे मिटले, कुणी तोंड वळवलं, तर लागोपाठच्या चार-पाच फोटोंतून प्रत्येकाचा चांगला चेहरा निवडून एका फोटोत बसवता येतो. रेयलँडरला सहा आठवडे लागले होते.

त्याच २०२३ साली ऑक्टोबरमध्ये लायका कंपनीने एक कॅमेरा बाजारात आणला. फोटो कुठल्या कॅमेऱ्याने, केव्हा काढला आणि नंतर त्यात काय बदल केले, याची नोंद त्या फोटोबरोबरच राहील, अशी सोय त्यात आहे. बीनने १९१७ साली अडून बसून मागितलेली चिठ्ठी ती हीच. फक्त ती फोटोच्या खाली नसते, फाइलच्या आत असते, आणि मुद्दाम उघडून वाचावी लागते.